कागद दाखल झाला, पण निशाणीवर आला का?

वाचकाचे पत्र : घराच्या लाकूडकामासाठी मी एका ठेकेदाराला ३,१०,००० रुपये दिले. त्यांतील २,५०,००० बँकेतून आणि ६०,००० रोख दिले असून रोख रकमेची त्याच्या हातची पावती माझ्याकडे आहे. काम अर्धवट टाकून तो येईनासा झाला आणि उरलेले काम मला दुसऱ्या सुताराकडून करून घ्यावे लागले. वकिलांची फी झेपणारी नसल्यामुळे २०२५ मध्ये मी स्वतःच दिवाणी दावा दाखल केला. कागदांच्या झेरॉक्स प्रती यादीसोबत जोडल्या : दुसऱ्या सुताराचे बिल, रोख रकमेची पावती, ठेकेदाराचे कोटेशन, बँकेचे विवरण, व्हॉट्सॲपचे संदेश, कामाची छायाचित्रे, फोनवरील संभाषणाचे ध्वनिमुद्रण आणि वकिली नोटीस. यादीला निशाणी ३ आणि कागदांना ३/१ ते ३/८ असे क्रमांक पडले आहेत. कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, त्याने पावतीवरची सही आपली नसल्याचे म्हटले आहे. नुकतेच मुद्दे (न्यायालयाने ठरवायचे वादाचे प्रश्न) निघाले आणि पुढची तारीख माझ्या सरतपासाच्या, म्हणजे माझी साक्ष मी स्वतः सांगण्याच्या, शपथपत्रासाठी आहे. परवा न्यायालयातील कारकून म्हणाले, ‘बाई, तुमचे कागद अजून निशाणीवर आलेले नाहीत.’ क्रमांक तर पडलेले आहेत, मग राहिले काय? आणि कागद नेमके कसे तयार करायचे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

कारकुनांनी तुम्हाला योग्य वेळी योग्य तेच सांगितले, आणि तारीख अजून हातात असताना तुम्ही विचारलेत याचे मला समाधान वाटते. स्वतःची बाजू स्वतः मांडणाऱ्या माणसाच्या हातून खरा दावा निसटतो तो बहुधा याच टप्प्यावर, आणि ते त्याला निकाल हाती पडल्यावर कळते.

महाराष्ट्रातील दिवाणी न्यायालयांत ‘निशाणी’ हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, त्यामुळे नवख्या माणसाचा घोटाळा होणे साहजिक आहे. प्रकरणात जे जे दाखल होते त्याला ओळीने निशाणी क्रमांक पडतो. दाव्याला निशाणी १ पडते, तात्पुरत्या मनाईचा अर्ज तर ‘निशाणी पाचचा अर्ज’ याच नावाने ओळखला जातो, आणि तुमच्या यादीलाही तसाच ३ हा क्रमांक पडला. ३/१ किंवा ३/२ या क्रमांकांनी एवढेच कळते की हा कागद त्या यादीसोबत आला आणि फाइलीत अमुक ठिकाणी आहे. तो खरा आहे, कोणी लिहिला आहे किंवा पुरावा म्हणून वाचता येईल, यांपैकी काहीही त्या क्रमांकातून सिद्ध होत नाही. साक्षीदार शपथेवर त्या कागदाबद्दल सांगतो, विरुद्ध बाजूची हरकत असल्यास ती ऐकली जाते आणि न्यायाधीश कागद पुराव्यात घेतात, तेव्हा त्याला स्वतःचा स्वतंत्र निशाणी क्रमांक मिळतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १३ नियम ४ प्रमाणे त्या कागदावर दाव्याचा क्रमांक, कागद हजर करणाऱ्याचे नाव, हजर केल्याची तारीख आणि तो पुराव्यात घेतल्याचा शेरा न्यायाधीशांच्या सहीने लिहिला जातो. कारकून म्हणत होते ते या शेऱ्याबद्दल. ज्या कागदाविषयी वाद शिल्लक आहे त्याला काही वेळा तूर्त ‘आर्टिकल’ म्हणून अक्षर दिले जाते. ती केवळ ओळखीची खूण असते, हेही ध्यानात ठेवावे.

आणखी एक पायरी यानंतरही उरते. निशाणी क्रमांक पडला म्हणजे कागदातील मजकूर आपोआप सिद्ध झाला असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून प्रत्येक कागदासाठी स्वतःला विचारायचे प्रश्न असे आहेत : हा कागद कोणत्या मुद्द्यासाठी हवा आहे, याचे मूळ कोठे आहे, आणि तो लिहिला गेला किंवा त्यावर सही झाली हे स्वतःच्या माहितीने शपथेवर सांगू शकेल असा माणूस कोण आहे? एका मोठ्या कागदावर उभे रकाने आखून आठही कागदांपुढे ही उत्तरे लिहून काढा. न्यायालयाने काढलेले मुद्दे त्या कागदाच्या माथ्यावर शब्दशः उतरवा. ज्या कागदापुढे मुद्द्याचा रकाना रिकामा राहतो तो कागद कितीही जिव्हाळ्याचा असला तरी बाजूला ठेवा, आणि ज्या मुद्द्यापुढे कागद नाही तिथे कोणता साक्षीदार आणता येईल ते पाहा. रंगीत चिठ्ठ्या लावलेली फाइल नंतर करता येईल, हा तक्ता मात्र शपथपत्राच्या आधी व्हायला हवा.

आता सर्वांत तातडीचे काम. तुम्ही यादीसोबत झेरॉक्स प्रती जोडल्या आहेत आणि मूळ कागद घरी आहेत. आदेश १३ नियम १ प्रमाणे मूळ कागद मुद्दे निघण्याच्या वेळी किंवा त्यापूर्वी हजर करायचे असतात, आणि ती वेळ उलटून गेली आहे. त्यामुळे येत्या तारखेला नवी यादी आणि त्यासोबत परवानगीचा एक लहानसा अर्ज द्या. प्रती दाव्यासोबतच दिलेल्या होत्या, त्या विरुद्ध बाजूला मिळालेल्या आहेत, मूळ कागद सुरक्षिततेसाठी जवळ ठेवले होते आणि वकील नसल्यामुळे ते केव्हा द्यायचे हे कळले नाही, एवढे प्रांजळपणे लिहा. प्रती आधीपासून प्रकरणात असल्यामुळे समोरच्या बाजूला नवे काही अंगावर आल्याची तक्रार करणे अवघड जाईल. दाव्यासोबत मुळीच न दिलेला एखादा कागद आता द्यायचा असेल, तर तो आदेश ७ नियम १४ चा विषय होतो आणि तेथे न्यायालयाच्या परवानगीशिवाय तो पुराव्यात घेतला जात नाही. असे काही राहिले असेल तर तेही याच अर्जात आणा. प्रत्येक तारखेला एकेक कागद काढत राहिल्यास न्यायालयाचा विश्वास कमी होतो. झेरॉक्सवर नोटरीचा शिक्का मारून आणला की मूळ लागत नाही, असा एक समज फार पसरलेला आहे. तो शिक्का फार तर प्रत मुळाबरहुकूम असल्याचे सांगतो. मुळावरची सही कोणाची, हे तो सांगू शकत नाही.

तुमच्या आठ कागदांपैकी खरी अडचण कोटेशनची आहे. तुम्ही लिहिता की मूळ कोटेशन ठेकेदार मापे बदलून देतो म्हणून परत घेऊन गेला आणि तुमच्याकडे झेरॉक्स उरली. मूळ प्रतिपक्षाच्या ताब्यात असताना प्रत पुराव्यात आणण्याची वाट कायद्याने ठेवलेली आहे, पण तिला एक दार आहे : आधी त्याला ‘मूळ हजर करा’ अशी लेखी नोटीस द्यावी लागते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम ६० आणि ६४ यासाठी आहेत, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश १२ नियम ८ आहे. नोटिशीत कोटेशनची तारीख, त्याच्या लेटरहेडचा उल्लेख आणि एकूण रक्कम लिहा, ती त्याच्या वकिलांना देऊन प्रतीवर पोच घ्या आणि ती पोच प्रकरणात दाखल करा. त्याने मूळ आणले तर प्रश्नच मिटला. न आणल्यास शपथपत्रात लिहा की ही झेरॉक्स तुम्ही स्वतः मुळावरून काढली, मूळ कोणत्या दिवशी त्याच्या हाती दिले आणि नोटीस देऊनही त्याने ते हजर केले नाही. नोटीस मिळूनही ज्याने कागद आणला नाही, त्याला पुढे न्यायालयाच्या आदेशाशिवाय किंवा तुमच्या संमतीशिवाय तोच कागद स्वतःच्या बाजूने वापरता येत नाही, हा या नोटिशीचा आणखी एक लाभ. तुमच्या कोटेशनवर केवळ त्याचीच सही आहे. दोघांच्या सह्यांचा करारनामा असता तर मुद्रांकाचा प्रश्न उभा राहिला असता, आणि मुद्रांक नसलेल्या दस्ताच्या झेरॉक्सवर दंड भरून तो दोष दूर करता येत नाही, तिथे मूळच लागते. असा एखादा करारनामाही झाला असेल तर त्याचे मूळ शोधून काढा.

साठ हजारांच्या पावतीवर रेव्हेन्यू तिकीट नाही, म्हणून ती बाद होईल अशी भीती तुम्हाला कोणीतरी घातलेली दिसते. पाच हजारांहून अधिक रकमेच्या पावतीवर एक रुपयाचे तिकीट लागते, हे खरे आहे. परंतु तिकीट लावून पावती देणे हे पैसे घेणाऱ्याचे काम होते, आणि त्याने बिनतिकिटाची पावती दिली असेल तर ती त्याच्याविरुद्ध पुराव्यात आणणाऱ्याने एक रुपया दंड भरल्यावर घेता येते, अशी तरतूद भारतीय मुद्रांक अधिनियम, १८९९ च्या कलम ३५ मध्येच आहे. समोरून हरकत आली तर गोंधळून न जाता एवढेच सांगा की दंड भरण्यास मी तयार आहे. आता घरी बसून पावतीवर तिकीट चिकटवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मात्र कदापि ऐकू नका. दाखल केलेल्या प्रतीत तिकीट नाही आणि मुळावर आहे, असे दिसले की खरी पावतीही खोटी ठरते.

बँकेच्या व्यवहारासाठी तुम्ही मोबाइल अॅपवरून उतरवलेले विवरण जोडले आहे. शाखेत लेखी अर्ज देऊन बँकर्स बुक्स एव्हिडन्स अॅक्ट, १८९१ प्रमाणे प्रमाणित उतारा मागा आणि संगणकीय नोंदींसाठीचे कलम २-अ चे प्रमाणपत्रही सोबत मागा. असा उतारा असला की त्यातील नोंदींचा प्रथमदर्शनी पुरावा होतो आणि एरवी बँकेच्या अधिकाऱ्याला पिंजऱ्यात आणण्याची गरज उरत नाही. उताऱ्यात फक्त तुमच्या तीन हस्तांतरणांच्या ओळी असल्या तरी पुरे, परंतु प्रतिवादीचे नाव त्यात दिसते का ते पाहा. केवळ व्यवहार क्रमांक दिसत असेल तर लाभार्थी खात्याचा तपशील बँकेकडून मागून घ्या.

व्हॉट्सॲपचे संदेश, अर्धवट कामाची छायाचित्रे आणि फोनवरील संभाषणाचे ध्वनिमुद्रण या तिन्हींवर मी थोडे अधिक लिहिते, कारण याच कागदांवर लोकांची सर्वाधिक भिस्त असते आणि हेच बहुतेकदा निशाणीवर येत नाहीत. तुमचा दावा १ जुलै २०२४ नंतरचा असल्यामुळे तुम्हाला नवा साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याआधीपासून प्रलंबित असलेल्या प्रकरणांना १८७२ चा जुना कायदा आणि त्याचे, इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचे, कलम ६५-ब लागते. नव्या कायद्यातील कलम ६३ प्रमाणे छापील प्रत, सीडी किंवा पेनड्राइव्ह दाखल करताना प्रत्येक वेळी सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत आहे. भाग ‘अ’ तुम्ही भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असतो. नमुन्यात उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय क्रमांक यांसाठी जागा आहे आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची आहे. हॅश व्हॅल्यू म्हणजे फाइलमधील संपूर्ण मजकुरावरून ठरावीक गणिताने निघणारी अंक-अक्षरांची एक लांब ओळ. फाइलमध्ये एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ती ओळ पार बदलते, म्हणून मुद्रण नंतर कापले-जोडले का हे तपासायला ती उपयोगी पडते. एसएचए-२५६ सारखी कोणती पद्धत वापरली तेही नमुन्यात नोंदवायचे असते.

प्रमाणपत्राची सक्ती ही नुसती औपचारिकता आहे असे समजू नका. जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, जुन्या कायद्याखाली का होईना, निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीच्या वेळी हजर करून सिद्ध केले तर गोष्ट वेगळी. त्याच निकालाने असेही म्हटले की ज्याच्याकडून प्रमाणपत्र मिळायला हवे तो ते देत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागवता येते.

तुम्ही फोन बदलला आहे आणि जुना, काच फुटलेला फोन कपाटात आहे. तो फोन या क्षणी तुमच्या प्रकरणातील सर्वांत मोलाच्या वस्तूंपैकी एक आहे. तो कोणाला देऊ नका, रीसेट करू नका आणि दुरुस्तीला द्यायचाच झाला तर आतील माहिती पुसली जाणार नाही याची खात्री करून पावती घ्या. ध्वनिमुद्रण मुळात त्यावर झाले, नव्या फोनमध्ये आहे ती त्याची नक्कल, आणि प्रमाणपत्रात हा प्रवास जसा झाला तसाच लिहायला हवा. मुद्रणातील नको तो भाग कापू नका. पावणेदोन मिनिटांच्या संभाषणात तुम्ही त्याला रागाने काही बोलल्या असाल तरी ते पूर्ण मुद्रण दाखल करा आणि सोबत शब्दशः लेखी उतारा द्या, ज्यात कोण बोलले आणि कितव्या सेकंदाला हे लिहिलेले असेल. संभाषणात तुम्ही स्वतः होता, त्याचा आवाज तुमच्या परिचयाचा आहे, म्हणून तो आवाज ओळखण्याची साक्ष तुम्हीच देऊ शकता.

संदेशांचे सुटे स्क्रीनशॉट देण्याऐवजी त्या क्रमांकाशी झालेले सर्व संभाषण एकत्र निर्यात करून द्या, आणि दिनांक व प्रेषकाचा क्रमांक दिसेल अशा प्रतिमा त्याला जोडा. मधले संदेश गाळून आपल्या सोयीचे तेवढे ठेवले की उलटतपासात पहिला प्रश्न गाळलेल्यांवरच येतो. छायाचित्रांबाबत ती कोणी, केव्हा, कोणत्या फोनवर काढली हे शपथपत्रात यायला हवे. तुमच्या भावाने काही काढली असतील तर त्यांच्यापुरता साक्षीदार भाऊ आहे. त्या चित्रांबद्दल तुम्ही फार तर एवढे सांगू शकाल की घराची स्थिती त्या दिवशी तशीच होती, आणि तेही सांगणे उपयोगाचे असते.

दुसऱ्या सुताराचे बिल तुम्ही ‘सर्वांत भक्कम कागद’ म्हणून पहिल्या पानावर ठेवले आहे. मला ते सर्वांत कच्चे वाटते, आणि हे आता सांगितलेले बरे. बिल त्याने लिहिले, रक्कम त्याने ठरवली, आधीचे काम किती सदोष होते हे त्याने पाहिले. त्याच्या मनातले तुम्ही शपथेवर सांगू शकत नाही. तुम्ही पैसे दिलेत हे तुम्ही सांगाल, पण ते काम गरजेचे होते आणि दर वाजवी होता हे सांगायला सुतारच पिंजऱ्यात हवा. साक्षीदारांची यादी मुद्दे निघाल्यापासून पंधरा दिवसांत द्यायची असते (आदेश १६ नियम १), म्हणून रोजनाम्यावरून (प्रकरणात प्रत्येक तारखेला काय झाले त्याच्या न्यायालयीन नोंदीवरून) मुद्दे निघाल्याची तारीख आजच पाहा. मुदत टळली असल्यास उशिराचे कारण लिहून परवानगी मागता येते. तो मनाने यायला तयार असेल तर त्याचेही सरतपासाचे शपथपत्र तयार करा. कचरत असेल तर समन्स काढून घ्या आणि त्याच्या येण्या-जाण्याचा भत्ता न्यायालयात भरा. हा माणूस आला नाही तर नुकसानभरपाईचा आकडा हवेत राहील.

वकिली नोटिशीची स्थळप्रत (आपल्याकडे ठेवलेली प्रत), टपालाची पावती आणि पोचपावती यांत अडचण दिसत नाही. तिन्ही कागद एकत्र जोडा. नोटिशीचे मूळ त्याच्याकडे असले तरी ते हजर करण्यासाठी वेगळी नोटीस द्यावी लागत नाही.

कागदांची बाह्य तयारी. मूळ कागदावर काहीही लिहू नका, अधोरेखन करू नका, पिवळ्या पेनाने रंगवू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको : माझ्याकडे एकदा एक गृहस्थ जमिनीच्या व्यवहाराची जुनी पावती जपायची म्हणून लॅमिनेट करून घेऊन आले होते, आणि सहीची शाई व कागदाचा पोत तपासण्याची सोय त्या एका प्लास्टिकने संपली होती. सहीतून टाचणी जाणार नाही असे पारदर्शक पाकीट पुरेसे आहे. एटीएमच्या किंवा यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत पावत्या काही महिन्यांत कोऱ्या होतात, तेव्हा त्यांची छायाप्रत आजच काढा. प्रत्येक कागदाच्या प्रतीवर खाली पान क्रमांक घाला आणि तोच क्रमांक सर्व संचांत ठेवा : एक संच प्रतिपक्षासाठी, एक तुमच्या हातात, आणि मूळ कागद न्यायालयात. पिंजऱ्यात उभे असताना न्यायाधीशांनी ‘पान चौदा पाहा’ म्हटले आणि तुमच्या प्रतीत ते सोळा असले, तर त्या दोन मिनिटांत जी धांदल उडते ती मी पुष्कळदा पाहिली आहे. मूळ कागद न्यायालयात देण्यापूर्वी दोन्ही बाजूंची स्वच्छ प्रत काढून ठेवा, कारण ते परत मिळायला साधारणपणे दावा व अपिलाची मुदत संपावी लागते. त्याआधी हवे असेल तर प्रमाणित नक्कल ठेवून अर्ज करावा लागतो.

आता शपथपत्र. आदेश १८ नियम ४ प्रमाणे सरतपास शपथपत्रावर होतो, आणि कागद निशाणीवर आणण्याचा पाया इथेच घातला जातो. दाव्यातील परिच्छेद पुन्हा उतरवून शेवटी ‘सोबतचे कागद खरे आहेत’ असे एकच वाक्य लिहिण्याची चूक वकीलही करतात. तुम्ही प्रत्येक कागदाला त्याचा स्वतंत्र परिच्छेद द्या. पावतीचा परिच्छेद असा होऊ शकेल : ‘अमुक तारखेस सायंकाळी प्रतिवादी माझ्या घरी आला. मी त्यास रोख ६०,००० रुपये दिले. त्याने ते मोजून घेतले व माझ्यासमोर स्वतःच्या हस्ताक्षरात पावती लिहून तीवर सही केली. मूळ पावती नवीन यादीत अनुक्रमांक १ वर हजर केली आहे व तिची प्रत निशाणी ३/२ वर आहे. ती मला आता दाखवण्यात आली ती तीच असून तिच्यावरील सही प्रतिवादीची आहे व मजकूर खरा आहे. तिला निशाणी क्रमांक देण्यात यावा.’ त्यात प्रसंग आहे, डोळ्यांनी पाहिलेले आहे, कागदाची ओळख आहे आणि मागणी आहे. त्या वेळी घरात आणखी कोणी होते का, हे आठवून पाहा आणि असेल तर त्याचे नाव साक्षीदारांच्या यादीत घाला.

साक्षीच्या दिवशी शपथ घेतल्यावर, शपथपत्रावरची सही आपली असल्याचे सांगितल्यावर, लगेच विनंती करा की अमुक परिच्छेदांतील कागदांना निशाणी क्रमांक द्यावेत. संकोचाने गप्प राहिलात आणि थेट उलटतपास सुरू झाला, तर कागद यादीतच पडून राहतील. एखाद्या कागदाला क्रमांक मिळाला नाही तर तसा आदेश रोजनाम्यात किंवा साक्षीच्या कागदावर लिहिला जाऊ द्या, आणि संध्याकाळी तुमच्या तक्त्यात प्रत्येकापुढे काय झाले ते भरा.

प्रतिवादीचे कागद पुढे येतील तेव्हा तुम्हालाही बोलायचे आहे. कागद सिद्ध करण्याच्या पद्धतीविषयीची हरकत, म्हणजे मूळ न आणता प्रत दिली किंवा सही करणारा साक्षीला आलाच नाही अशी हरकत, तो कागद पुढे केला जातो त्याच वेळी घ्यावी लागते. निकालाच्या वेळी ती काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितलेले आहे. उभे राहून ‘मूळ हजर नाही, माझी हरकत आहे’ एवढेच शब्द पुरेत. आणखी एक गोष्ट तुमच्या कामाची आहे : प्रतिवादीच्या उलटतपासात त्याच्यापुढे अचानक ठेवायचा कागद आधी यादीत द्यावा लागत नाही, आणि प्रतिवादी स्वतः साक्षीला उभा असला तरी हीच सवलत लागू होते, हे २०२३ मध्ये स्पष्ट झाले आहे. अशा कागदावर त्याने काय उत्तर दिले यावर मात्र त्याचे भवितव्य ठरते. म्हणून ज्यावर तुमचा दावा उभा आहे तो कागद अशा आश्चर्यासाठी मागे ठेवू नका.

राहिली नाकारलेली सही. तुम्ही ती डोळ्यांदेखत होताना पाहिली, हा पुरावा लहान नाही. त्याच्या पूर्वीच्या चिठ्ठ्या किंवा सह्या नेहमी पाहणारा कोणी असेल तर त्याचीही साक्ष हस्ताक्षराबद्दल चालते. पण समोरून ठाम नकार असताना तुलना करून घेणे शहाणपणाचे. न्यायालय स्वतः साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७२ खाली सह्या ताडून पाहू शकते, आणि अधिक भक्कम मार्ग हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवण्याचा. तुलनेसाठी निर्विवाद सह्या लागतात. वकीलपत्रावरची आणि कैफियतीवरची सही प्रकरणातच आहे, परंतु त्या दावा लागल्यानंतरच्या आहेत आणि माणूस तेव्हा सही बदलून करू शकतो. पावतीच्या आसपासच्या काळातील सही अधिक उपयोगाची. तुमचे हस्तांतरण ज्या बँकेत गेले तेथील त्याच्या खात्याचे सहीचे कार्ड न्यायालयाच्या आदेशाने मागवता येते. बँक पक्षकार नसल्यामुळे आदेशाशिवाय ती ते देणार नाही, म्हणून अर्जात कारण स्पष्ट लिहा.

हा अर्ज आणि कलम ६३ च्या प्रमाणपत्राचा भाग ‘ब’ या दोन गोष्टींसाठी मी तुम्हाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जाण्याचा आग्रह करते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत विधी सेवेसाठी उत्पन्नाची अट नाही, आणि अर्ज केल्यास दाव्यापुरता वकीलही मिळू शकतो. जाताना भरलेला तक्ता, मुद्द्यांची नक्कल आणि पावतीची प्रत सोबत न्या. मूळ पावती न्यायालयात दाखल होईपर्यंत कोणाच्याही हाती देऊ नका.